काचेवरची किंमत

शिकागोमधली गोष्ट आहे. १९८० चं दशक संपत आलं होतं. इयन एअर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने काही तरुण स्त्री-पुरुषांना तयार करून गाड्यांच्या शोरूममध्ये पाठवायला सुरुवात केली. सगळे साधारण एकाच वयाचे, जवळपास सारखंच शिकलेले, सारख्या धाटणीचे कपडे घातलेले. काय बोलायचं, डीलरने पहिला आकडा सांगितल्यावर काय करायचं, आपला आकडा कसा आणि किती वाढवायचा, हे सगळं आधीच लिहून पाठ करून घेतलेलं. हा अभ्यास नेमका कशाचा चालला आहे, हे त्या तरुणांनाही सांगितलेलं नव्हतं.

प्रत्येकाने तीच घासाघीस केली. तेच शब्द, तोच क्रम, त्याच गाड्या. भाव मात्र वेगवेगळे आले.

पुढे अर्थतज्ज्ञ पीटर सीगलमन यांना बरोबर घेऊन एअर्स यांनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. तीनशेहून अधिक वेळा शोरूमची पायरी चढून झाल्यावर १९९५ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या पुरुषाला मिळालेल्या शेवटच्या भावापेक्षा काळ्या स्त्रीला सुमारे ४०० डॉलर जास्त सांगितले गेले होते आणि काळ्या पुरुषाला सुमारे १,१०० डॉलर जास्त. आधीच्या प्रयोगात आणखी एक विचित्र गोष्ट दिसली होती. गिऱ्हाईक ज्या वर्णाचं, ज्या लिंगाचं, त्याच वर्णाचा आणि लिंगाचा विक्रेता त्याच्यासमोर आणून बसवला जात होता. आणि हा ‘आपल्यातला’ विक्रेताच त्याला जास्त वाईट भाव देत होता.

आपल्याकडे म्हणतात, घासाघीस ही कला आहे. काहींच्या जिभेवर ती असते, काहींच्या नसते. शिकागोच्या प्रयोगात जीभ सगळ्यांची एकच होती. मग भाव कुठे ठरला?

हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या पिकअपच्या इतिहासात शिरावं लागतं. पुढे मालाचा हौदा आणि मागे माणसं असं तिथे कोणी बसत नाही. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ही गाडी शेतकऱ्याची, सुताराची, प्लंबरची म्हणून सुरू झाली आणि आज तिथे सर्वांत जास्त खपणाऱ्या गाड्यांत आहे. डेट्रॉइटच्या कंपन्या तिच्यावर भरपूर नफा कमावतात. म्हणजे तिच्या किमतीत कमी करायला जागाही भरपूर असते. ती जागा कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

घोडा गेला, घोडेबाजार राहिला

एका वस्तूची सगळ्यांना एकच किंमत, ही कल्पना फार जुनी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी ती धर्माचा भाग म्हणून पाळली. आधी एक भाव सांगायचा आणि मग दुसऱ्या भावाला विकायचं, म्हणजे पहिला भाव खोटा होता, असं त्यांचं सरळ म्हणणं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्ट आणि नंतर फिलाडेल्फियात जॉन वानामेकर यांच्या भल्यामोठ्या दुकानांनी एकच भाव लावायची पद्धत रूढ केली. मोटारगाडी बाजारात आली, तेव्हा शहरातला अमेरिकन माणूस सदरा, टोपी, पलंग, सगळं चिठ्ठीवरच्या भावात घ्यायला शिकलेला होता.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून निघणारी गाडी तर एकच भाव लावायला अगदी योग्य. एकीसारखी दुसरी, शेवटच्या स्क्रूपर्यंत. १९०८ मध्ये मॉडेल टी आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती आणि पुढे ती सतत उतरत गेली. शेतकरी ही गाडी घ्यायचे, मागचा भाग कापायचे आणि तिथे लाकडी पेटारा बसवायचे. कंपनीने हे पाहिलं आणि एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवून गाडी बाजारात आणली. नाव लांबलचक होतं, ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’. किंमत २८१ डॉलर. त्या वर्षी जवळपास ३४,००० गाड्या खपल्या.

किंमत छापलेली, वस्तू एकसारखी. मग घासाघीस आली कुठून?

इतिहासकार स्टीव्हन गेल्बर यांचं उत्तर असं की, ती घोड्यावर बसून आली. अमेरिकेत घोड्याचा सौदा हा पुरुषांचा खेळ होता. प्रत्येक घोडा वेगळा, त्याचे दोष झाकलेले, आणि ते ओळखणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. फसलात तर तक्रार करायची नाही. तुम्ही हरलात, एवढंच. दुकानातल्या ठरलेल्या भावाच्या जगात मुख्यतः बायका खरेदी करत होत्या. मोटारगाडी पुरुषांच्या हाती आली आणि घोडेबाजाराचे नियम तिच्याबरोबर गेले.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. आपल्या बैलबाजारात दलाल आणि शेतकरी उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. चारचौघांच्या देखत सौदा व्हायचा, पण आकडा फक्त दोन हातांना कळायचा. शेजारी उभ्या माणसाला आपला बैल विकताना त्या आकड्याचा उपयोग होऊ नये, हाच त्या रुमालाचा उपयोग.

बैलाच्या बाबतीत याला थोडा तरी अर्थ आहे, कारण एका बैलासारखा दुसरा नसतो. गाडीच्या बाबतीत नव्हता. पण गाडी घ्यायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नव्हता. आधी तो घोडा घेऊन यायचा, नंतर जुनी गाडी. नवी गाडी एकसारखी असली तरी प्रत्येकाची जुनी गाडी वेगळी. छापलेल्या किमतीच्या शेजारी अशी एक न छापलेली किंमत येऊन बसली आणि तिच्यावर रुमाल पडला.

चार चौकोन

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गाडी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे आधीची गाडी होती. आपण ज्याला एक्स्चेंज म्हणतो ते तिथे नेहमीचं झालं. त्याच सुमारास हप्तेही आले. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. फोर्ड यांना उधारीचा तिटकारा होता. त्यांनी १९२३ मध्ये उलटी योजना आणली. आठवड्याला पाच डॉलर भरत राहा, पैसे पुरे झाले की गाडी न्या. लोकांना आधी गाडी आणि मग पैसे हवे होते. हप्ते जिंकले.

आता एका सौद्यात चार आकडे झाले. नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, सुरुवातीला भरायची रक्कम आणि महिन्याचा हप्ता. अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे पुढे यासाठी एक कागदच आला. मधोमध उभी-आडवी रेघ, चार चौकोन, प्रत्येकात एक आकडा. विक्रेता तुमच्यासमोर तो कागद ठेवतो आणि विचारतो, यातलं काय जमत नाही?

समजा तुम्ही म्हणालात, माझ्या जुन्या गाडीला फार कमी लावताय. ठीक आहे. तो जुनीचे ५०० वाढवतो आणि नवीवर द्यायची ठेवलेली ५०० ची सूट गुपचूप काढून घेतो. तुम्ही जिंकल्यासारखे उठता. समजा म्हणालात, हप्ता झेपत नाही. तो हप्ता कमी करतो. ३०,००० डॉलरचं कर्ज ६ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सुमारे ५८० डॉलर पडतात. तेच ७ वर्षांसाठी घेतलं तर ४३८. महिन्याला १४२ डॉलर वाचले! एकूण मात्र सुमारे २,००० डॉलर जास्त गेले. गाडीची किंमत एका डॉलरनेही कमी झालेली नाही आणि तुम्ही विक्रेत्याचे आभार मानून घरी गेलात.

एका चौकोनात डोळे अडकले की बाकीच्या तिघांत हात फिरतो. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे याच खेळाची आवर्तनं आहेत. गिऱ्हाइकाला एक आकडा कळतो, तेव्हा खरा आकडा उठून दुसरीकडे जाऊन बसतो.

टंचाईचे दिवस

फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेतलं खाजगी गाड्यांचं उत्पादन थांबलं. कारखाने लष्करी ट्रक, रणगाडे, विमानं बनवू लागले. किमतींवर सरकारी नियंत्रण आलं. युद्ध संपलं तेव्हा लोकांकडे साठवलेला पैसा होता, रस्त्यावर खिळखिळ्या झालेल्या गाड्या होत्या आणि शोरूम रिकामे होते. १९४६ च्या अखेरीस बहुतेक नियंत्रणं उठली, तरी पुढची दोन-तीन वर्षं गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट होती.

छापील किंमत फारशी वाढली नव्हती. पण त्या किमतीला गाडी मिळत नव्हती. टेबलाखालून काही द्यावं लागे, किंवा जुनी गाडी मातीमोल भावात सोडावी लागे, किंवा नको असलेल्या वस्तू गाडीला लावून घ्याव्या लागत. नवीकोरी गाडी ‘वापरलेली’ म्हणून छापील भावापेक्षा महाग विकली जाई.

आपल्याकडे परवाना राजच्या काळात स्कूटर किंवा गाडी घेतलेल्या कोणालाही विचारा, त्याला यासाठी एक शब्द माहीत असेल, ‘ऑन’. नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट पाहायची. घाई असेल तर ज्याचा नंबर लागला आहे त्याला वरचे पैसे देऊन त्याची गाडी घ्यायची. तो वरचा पैसा म्हणजे ऑन. टंचाई असते तिथे घासाघीस थांबत नाही, फक्त तिची दिशा उलटते. गिऱ्हाईक खाली ओढायच्या ऐवजी वर चढत जातं.

सिनेटर मन्रोनी यांचा कागद

१९५० च्या दशकात वारं फिरलं. कारखाने भराभर गाड्या काढू लागले. १९५५ हे विक्रमी वर्ष ठरलं. कंपन्या डीलरांवर गाड्या लादत होत्या. नको म्हटलं तर डीलरशिप जाण्याची भीती. हे दुखणं इतकं वाढलं की १९५६ मध्ये डीलरांना कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागता यावी म्हणून संसदेला वेगळा कायदा करावा लागला. वरून दाबलेला डीलर खाली गिऱ्हाइकाला दाबत होता, हे विसरून चालणार नाही.

त्याच्याकडे बरीच हत्यारं होती. एक म्हणजे ‘पॅक’. छापील किमतीत आपल्या मनाने काहीशे डॉलर मिसळायचे आणि मग जुन्या गाडीला भरघोस भाव दिल्याचं दाखवायचं. दुसरं म्हणजे, सौदा ठरला, बायको-मुलांना सांगून झालं, की शेवटच्या क्षणी ‘साहेब या किमतीला तयार नाहीत’ म्हणून आकडा वाढवायचा. तिसरं सर्वांत साधं. ‘तुमची गाडी तपासून आणतो’ म्हणून जुन्या गाडीची किल्ली घ्यायची आणि परत द्यायला वेळ लावायचा. किल्लीच हातात नसेल, तर माणूस उठून जाणार कसा?

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी गाड्यांच्या विक्रीतल्या या प्रकारांची सिनेटच्या समितीत चौकशी चालवली. त्यातून जुलै १९५८ मध्ये कायदा झाला. त्याने भाव ठरवून दिला नाही, की घासाघीस बंद केली नाही. त्याने फक्त एक कागद मागितला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने एक पत्रक चिकटवायचं. त्यावर गाडीचं मॉडेल आणि क्रमांक, ती कुठे जुळवली, कंपनीने सुचवलेली किंमत, प्रत्येक जादा सोयीची वेगळी किंमत, वाहतुकीचा खर्च आणि शेवटी बेरीज. गिऱ्हाइकाच्या हाती गाडी जाण्याआधी कोणी तो कागद काढला, तर १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. आजही अमेरिकेत या पत्रकाला ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात.

रुमाल उचलला गेला. निदान वरचा आकडा चारचौघांना दिसू लागला. ‘पॅक’ मिसळायला जागा राहिली नाही.

पण कायद्याची व्याख्या वाचली की एक गोष्ट खटकते. ‘ऑटोमोबाइल’ म्हणजे काय, हे सांगताना त्यात दोनच प्रकार येतात, प्रवासी कार आणि स्टेशन वॅगन. पिकअप नाही. त्या काळी ट्रक ही धंद्याची वस्तू समजली जात होती. म्हणजे आठवड्याला एकदा चर्चला जाण्यासाठी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला काचेवरचा कागद मिळाला. पण जिच्यावर रोजचं पोट चालणार, ती पिकअप घेणारा शेतकरी किंवा गवंडी कायद्याच्या बाहेर राहिला. पुढे कंपन्यांनी पिकअपवरही तसाच कागद लावायला सुरुवात केली आणि आज तो सर्रास दिसतो. तरी सुरुवातीला तो कोणासाठी होता आणि कोणासाठी नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कोंबडीची गोष्ट

पिकअपच्या किमतीत एवढी जागा का असते, याचं एक कारण कोंबडीत आहे. थट्टा नाही.

१९६० च्या सुरुवातीला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी पश्चिम युरोपात धो धो जाऊ लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली आणि युरोपने कोंबडीवर जकात वाढवली. अमेरिकेने उत्तर दिलं. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात लावली. ट्रकवरच्या जकातीचा रोख पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं. ट्रकवरची ती जकात मात्र उठली नाही. प्रवासी कारवर अनेक दशकं अडीच टक्के आणि पिकअपवर पंचवीस, असा हिशेब राहिला.

परदेशी कंपन्यांनी पळवाटा शोधल्या. जपानी कंपन्या हौदा न बसवलेली गाडी आणायच्या आणि अमेरिकेत हौदा बसवायच्या. १९८० मध्ये ती वाट बंद झाली. सुबारूने तर आपल्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि ही प्रवासी गाडी आहे, असं सांगितलं! शेवटी निसानने १९८३ मध्ये टेनेसीतल्या स्मर्ना इथे कारखानाच काढला आणि तिथून पहिली गाडी बाहेर पडली ती पिकअप. आपल्या मुंबईच्या महिंद्रानेही २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिझेल पिकअप अमेरिकेत विकायची तयारी केली होती. तो बेत तडीस गेला नाही.

स्पर्धा कमी म्हणजे नफा जाड. नफा जाड म्हणजे सूट द्यायला जागा. त्यात पिकअपचे प्रकार इतके, की केबिन लहान की मोठी, हौदा किती फुटी, इंजिन कोणतं, चारचाकी ताकद हवी की नको, यात दोन शोरूममधल्या दोन गाड्या नेमक्या सारख्या सापडणंच कठीण. फोर्डने १९२५ मध्ये एकसारखी केलेली गाडी पुन्हा बैलासारखी झाली. प्रत्येक वेगळी, प्रत्येकीचा भाव वेगळा.

सुटीतला सापळा

१९६६ मध्ये एडमंड्स नावाची पुस्तिका निघू लागली. नव्या गाडीसाठी डीलर कंपनीला किती पैसे देतो, तो आकडा त्यात छापलेला असे. आता गिऱ्हाईक वरून खाली येण्याऐवजी खालून वर जाऊ शकत होतं. पण हा आकडाही शेवटचा नव्हता. अनेक कंपन्या गाडी विकल्यावर डीलरला किमतीच्या साधारण दोन-तीन टक्के परत देतात. शिवाय महिन्याचं, तिमाहीचं लक्ष्य गाठलं तर वेगळं बक्षीस. त्यामुळे ‘मी तुम्हाला माझ्या खरेदीच्या भावात देतोय’ हे वाक्य कागदावर खरं असूनही पुरतं खरं नसतं.

जानेवारी १९७५ मध्ये मंदीने गाड्या पडून राहिल्या तेव्हा क्रायस्लरने थेट गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायची योजना काढली. बाकीच्या कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. तेव्हापासून छापील किंमत वर ठेवायची आणि सूट मोठी दाखवायची, ही सवय लागली ती लागलीच. जनरल मोटर्सने १९९० मध्ये सॅटर्न हा नवा ब्रँड आणून त्यात घासाघीसच बंद केली. एकच भाव, सगळ्यांना. लोकांना ते आवडलं, ब्रँड मात्र वीस वर्षांत बंद पडला. त्याच्याकडे पिकअप कधी नव्हतीच. नफ्याच्या त्या खाणीवर सॅटर्नचा एकच भाव कधी लागलाच नाही.

मग आला २००५ चा उन्हाळा. जनरल मोटर्सने जाहीर केलं की, कंपनीच्या कामगारांना ज्या भावात गाडी मिळते त्याच भावात आता कोणालाही मिळेल. लोक तुटून पडले. जूनमध्ये कंपनीची विक्री आदल्या वर्षीच्या मानाने ४० टक्क्यांहून जास्त वाढली. फोर्ड आणि क्रायस्लर मागोमाग आले. नंतर अर्थतज्ज्ञांनी प्रत्यक्ष सौद्यांचे आकडे तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं. आधीच इतकी सूट चालू होती की, ‘कामगारांच्या भावात’ गाडी घेणाऱ्या अनेकांनी काही आठवड्यांपूर्वीच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त पैसे दिले होते.

त्यांना कोणी खोटं सांगितलं नव्हतं. भाव खरोखरच कामगारांचा होता. पण माणूस आयुष्यात गाडी घेतो किती वेळा? चार, पाच? समोरचा रोज विकतो. ज्याला आकडा वाचता येत नाही, तो खुणा वाचतो. ‘कामगारांचा भाव’ ही खूण होती.

फोनमधला आकडा

१९९० च्या दशकात गाड्यांचे भाव इंटरनेटवर आले. गाडी कोणती हवी ते टाकायचं, डीलर आकडा पाठवणार. २००३ मध्ये फिओना स्कॉट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशा सौद्यांचा अभ्यास छापला. शोरूममध्ये जाऊन गाडी घेणाऱ्या काळ्या आणि हिस्पॅनिक लोकांना सुमारे दोन टक्के जास्त पडत होते. इंटरनेटवरून भाव मागवून घेणाऱ्यांत हा फरक जवळपास नाहीसा झाला.

शिकागोच्या कोड्याचं उत्तर इथे सापडतं. सारखे शब्द बोलूनही भाव वेगळा आला, कारण भाव बोलण्यातून ठरत नव्हता. डीलर समोरच्याकडे पाहून एक अंदाज बांधत होता: याला खरा आकडा माहीत असेल का? हा इथून उठून दुसरीकडे जाईल का? एअर्स यांचा तर्क असा की, डीलर अशा मोजक्या गिऱ्हाइकांच्या शोधात असतो ज्यांच्याकडून एका सौद्यात भरपूर नफा निघेल, आणि कातडीचा रंग किंवा बाईपण पाहून तो आपला अंदाज बांधतो. चेहरा दिसेनासा झाला आणि पाच डीलरांचे आकडे एका पडद्यावर आले, तेव्हा तो अंदाज बांधायला काही उरलं नाही.

पण आकडे पुन्हा उठून दुसरीकडे गेलेच. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून कारखाने रखडले आणि अमेरिकेत काचेवरच्या मन्रोनी कागदाशेजारी दुसरा कागद दिसू लागला. ‘बाजारभावानुसार वाढ’ म्हणून हजारो डॉलर जास्त. १९४६ सालचं टेबल होतं तिथेच होतं. या वेळी पैसे टेबलावरून मागितले जात होते, एवढाच फरक.

आपल्याकडे भाजी, दूध, सिमेंट, कोंबड्या वाहणारी पिकअप आज गावोगाव दिसते. बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते. पिकअपच्या काचेवर मन्रोनीसारखा कागद नसतो. असतो तो ‘एक्स-शोरूम’ आकडा, आणि त्याच्या पुढे वाहन कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग’सारख्या नावाच्या ओळी. कर आणि नोंदणीवर घासाघीस होत नाही. बाकी प्रत्येक ओळ हा एक चौकोन आहे. विमा डीलरकडूनच घ्यायला पाहिजे असं नाही, कर्जही नाही, सीट कव्हर तर नाहीच. जुनी गाडी बाहेर काय भावाने जाते, हे आधी काढून ठेवता येतं. सूट मोठी असेल तर गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात बनली तेही विचारता येतं. आणि हे सगळे आकडे वेगवेगळे, एकामागून एक ठरवता येतात. एकत्र ठरवले की रुमालाखाली हात गेलाच.

पण इतिहासातून एक गोष्ट याहून मोठी दिसते. चांगला भाव शेवटी त्यालाच मिळतो, जो उठून जाऊ शकतो. ज्याचा टोमॅटो शेतात पिकून उभा आहे आणि ज्याला उद्याच गाडी हवी आहे, ज्याला बँक दारात उभं करत नाही आणि डीलरने आणलेल्या कर्जावरच सही करावी लागणार आहे, त्याला घासाघिशीचे सगळे डावपेच पाठ असले तरी उपयोग नाही. त्याची किल्ली आधीच दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून १९५८ चा कायदा महत्त्वाचा. त्याने लोकांना बोलायला शिकवलं नाही. न बोलता येणाऱ्यालाही आकडा दिसेल अशी सोय केली. आणि म्हणूनच त्या कायद्यातून पिकअप सुटली, हे जास्त बोचतं.

घरात कोणी पिकअप घ्यायला निघालं, तर बहुधा तुम्हालाच बरोबर नेतील. तुमच्या हातात फोन आहे म्हणून. बोलणं काकांना करू द्या, त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं जमतं. तुम्ही निघण्याआधी आणखी दोन शोरूमचे ऑन-रोड आकडे ओळीओळीने लेखी मागवून ठेवा, एका बँकेकडून व्याजाचा दर घेऊन ठेवा आणि ते काकांच्या खिशात द्या. आणि जुन्या गाडीची किल्ली मात्र स्वतःच्याच खिशात ठेवा.